लॅपटॉपच्या स्क्रीनची निवड

लॅपटॉप घेताना किंवा फुटलेली स्क्रीन बदलताना मुख्यतः दोन गोष्टी पाहाव्या लागतात: पॅनेलचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, आणि पॅनेलमागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट. दुकानातल्या पाटीवर सर्वांत ठळक असतो तो इंचांचा आकडा. पण 15.6 इंच ही नुसती कर्णाची लांबी झाली. तेवढ्या जागेत ठिपके किती आणि ते कशाने उजळतात, हे त्यावरून कळत नाही. ज्यांचे रोजचे वाचन-लेखन मराठीत चालते त्यांनी ठिपक्यांकडे जास्त बारकाईने पाहायला हवे.

रिझोल्यूशन

स्वस्त लॅपटॉपमध्ये अनेक वर्षे 1366 × 768 हे रिझोल्यूशन चालत आले. त्यात साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. 1920 × 1080 म्हणजे फुल एचडीमध्ये 20.7 लाख. 15.6 इंची स्क्रीनवर पहिल्यात इंचाला 100 ठिपके बसतात, दुसऱ्यात 141. एका ठिपक्याची रुंदी पहिल्यात पाव मिलिमीटर, दुसऱ्यात 0.18 मिलिमीटर. निरोगी डोळ्याला 60 सेंटिमीटरवरून साधारण 0.17 मिलिमीटरपर्यंतचा बारकावा ओळखता येतो. म्हणून पहिल्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात आणि दुसरीवर हे दाते जवळजवळ मिटतात.

देवनागरीत हा फरक कसा पडतो ते ‘मूर्तींना’ या एका शब्दावरून पाहता येते. 12 पॉइंटचा मजकूर 100 टक्के स्केलिंगवर (स्केलिंग म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर लहान-मोठा करण्याचे सेटिंग) 16 ठिपके उंचीत बसवला जातो. तेवढ्यात शिरोरेघ, तिच्याखाली अक्षराचा देह, त्याखाली ‘मू’चा ऊकार. शिरोरेघेवर तर एकट्या ‘र्तीं’ला वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे मिळून जेमतेम चार-पाच ठिपके वाट्याला येतात. अनुस्वार वेलांटीच्या वळणात बुडतो आणि शब्द ‘मूर्तीना’ वाचला जातो. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ आणि ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ यांचा काळा डाग होतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे परवडणारे नाही. फुल एचडीवर स्केलिंग 150 टक्के ठेवले, तर जवळपास तेवढ्याच आकाराच्या अक्षराला 16 ऐवजी 24 ठिपके मिळतात आणि अनुस्वार सुटा दिसू लागतो.

पुण्याचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. 1988 साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकने पुढे नेले आणि संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे डॉस या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांवर देवनागरी उमटू लागली. तेव्हाच्या जाडसर ठिपक्यांत जोडाक्षरे बसवणे सोपे नव्हते.

2012 मध्ये ॲपलने 15 इंची मॅकबुक प्रोला 2880 × 1800 ची रेटिना स्क्रीन दिली. तिच्यात इंचाला 220 ठिपके होते. 15.6 इंचात फोरके (3840 × 2160) घेतले तर हा आकडा 282 होतो. वाचनासाठी एवढ्याची गरज नाही. बारीक ठिपक्यांतून प्रकाश कमी पार होतो, मग बॅकलाइट वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते.

बॅकलाइट

एलसीडी, म्हणजे लॅपटॉपमधले नेहमीचे द्रव-स्फटिकांचे पॅनेल, स्वतः उजळत नाही. मागचा प्रकाश ती कुठे अडवते, कुठे सोडते. 2010 च्या आसपासपर्यंत हा प्रकाश सीसीएफएल नावाच्या बारीक नळीतून यायचा. तिला शेकडो व्होल्ट लागत, म्हणून सोबत इन्व्हर्टरची पट्टी असे. नळी जुनी झाली की स्क्रीन पिवळट पडे आणि सुरू करताना लालसर दिसे. नळीत पारा असल्याने असे पॅनेल घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचऱ्यात द्यावे.

आता बहुतेक एलसीडी लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या एका कडेला पांढऱ्या एलईडींची ओळ असते. बोलताना आपण ‘एलईडी स्क्रीन’ म्हणतो, पण पॅनेल एलसीडीच असते. आयपीएस की टीएन (हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार) हा प्रश्नही बॅकलाइटपासून वेगळा. कडेने पाहताना रंग बदलू नयेत असे वाटत असेल, तर आयपीएस घ्यावे. मिनी-एलईडीत हजारो सूक्ष्म दिवे पॅनेलमागे पसरलेले असून ते भागाभागाने मंद होतात. काळा रंग गडद दिसतो, मात्र काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती हलके वलय येऊ शकते. ओएलईडीला बॅकलाइटच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. चित्रपटासाठी ती उत्तम. दिवसभर पांढऱ्या पानावर काम करणाऱ्याला तिच्या काळ्या रंगाचा फायदा थोडा, वीज मात्र जास्त लागते. शिवाय टास्कबारसारखे स्थिर चित्र वर्षानुवर्षे राहिले तर त्याचा ठसा उमटण्याची भीती असते.

उजळपणा निट्समध्ये मोजतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याला 250 निट्स पुरतात. तिथे खरा त्रास दिव्याच्या प्रतिबिंबाचा, म्हणून मॅट स्क्रीन घ्यावी. एप्रिलच्या दुपारी गॅलरीत बसून काम करायचे असेल तर 400 निट्सच्या खाली जाऊ नये. काही पॅनेलमध्ये उजेड कमी करण्यासाठी दिवे अतिशय वेगाने चालू-बंद केले जातात. ते नजरेला जाणवत नाही, पण काहींचे डोळे त्याने दुखू शकतात. उजेड कमी करून मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की अशा स्क्रीनवर अनेकदा आडवे पट्टे सरकताना दिसतात.

पारख आणि बदल

शोरूममध्ये पूर्ण उजेडावर रंगीबेरंगी व्हिडिओ चालू असतो. त्यात कोणतीही स्क्रीन छान दिसते. तो बंद करायला सांगावा, उजेड निम्मा करावा आणि मराठी मजकुराचे एखादे पान उघडून पाच मिनिटे वाचावे.

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी पुणेकर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची वाट धरतात. पॅनेल बदलायचे असेल तर नुसते ‘15.6 इंची’ सांगून भागत नाही. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक आणि कनेक्टर 30 पिनचा की 40 पिनचा, हे आधी पाहावे. 1366 × 768 च्या जागी फुल एचडी बसवताना जुनी केबल बऱ्याचदा तेवढा सिग्नल वाहू शकत नाही, मग केबलही बदलावी लागते. पॅनेल चिकटवण्याआधी त्यावर पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून घ्यावे: पांढऱ्यावर काळे पडलेले ठिपके सापडतात आणि काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड.