जुन्या लायब्ररी शेवटी का पुसायच्या?

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम. तिची मोठी आवृत्ती बदलताना 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल' ही कमांड तीनदा चालवावी लागते. पहिल्यांदा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसतं, दुसऱ्यांदा बाकीची सिस्टिम. मग सूचना येते: बाहेरून घेतलेले सगळे प्रोग्राम नव्याने बसवा आणि हीच कमांड पुन्हा द्या. ती तिसरी खेप जुन्या शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामनी मिळून वापरायच्या कोडच्या फाइली, पुसण्यासाठी असते.

1988 साली सन कंपनीच्या सनओएस 4.0 या युनिक्समध्ये शेअर्ड लायब्ररी आल्या. त्याआधी प्रत्येक प्रोग्राम लायब्ररीतला लागेल तेवढा कोड स्वतःत घेऊन फिरायचा. आता एकच फाइल सगळ्यांना पुरू लागली, पण ती बदलली की जुने प्रोग्राम मोडणार. म्हणून फाइलच्या नावातच आकडा घातला. मोठा बदल झाला की आकडा वाढवायचा आणि जुनी फाइल जागेवरच ठेवायची. म्हणजे मागे उरलेल्या फाइली हा कुणाचा निष्काळजीपणा नव्हे, योजनाच तशी आहे.

डेबियनसारख्या लिनक्समध्ये लायब्ररी कुठल्या ना कुठल्या पॅकेजची असते आणि ती कुणाला लागते याची नोंद असते. फ्रीबीएसडीची मूळ सिस्टिम मात्र वर्षानुवर्षं सोर्स कोडमधून एकगठ्ठा बांधली गेली. बांधलेली सिस्टिम बसवणारी 'मेक इन्स्टॉलवर्ल्ड' ही कमांड नव्या फाइली जुन्यांवर टाकते, उरलेलं काढत नाही. त्यासाठी सोर्समध्ये 'ऑब्सोलीटफाइल्स' नावाची यादी आली. डेव्हलपरने फाइल काढली की तिचं नाव तारखेसह त्यात लिहायचं. यादीत लायब्ररींचा गट मुद्दाम वेगळा आहे. सिस्टिमला स्वतःच्या फाइली ठाऊक असतात, पण बाहेरचे प्रोग्राम जिथे बसतात त्या 'यूएसआर-लोकल' फोल्डरमधलं कोण त्यांच्यावर उभं आहे, हे तिला कळत नाही. गट वेगळा ठेवण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

नोव्हेंबर 2023 मधली फ्रीबीएसडी 14.0 घ्या. तिच्यात एन्क्रिप्शनसाठीचं ओपनएसएसएल 1.1.1 जाऊन 3.0 आलं आणि त्याच्या 'लिबएसएसएल.एसओ.111' या लायब्ररीच्या जागी 'लिबएसएसएल.एसओ.30' बसली. जुनी घाईने पुसली, तर तिच्यावरचा प्रोग्राम सुरू होताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड' म्हणून थांबतो. तेही लगेच नाही. चालू प्रोसेसने, म्हणजे आधीच सुरू असलेल्या प्रोग्रामने, फाइल धरून ठेवलेली असते, त्यामुळे फाइल पुसल्यावरही प्रोसेस चालत राहते आणि काही आठवड्यांनी रीस्टार्ट केल्यावर पडते. तेव्हा अपग्रेड कुणाच्या ध्यानातही नसतं.

ठेवून देणंही धोक्याचं. ओपनएसएसएल 1.1.1 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळणं सप्टेंबर 2023 मध्येच संपलं होतं. शिवाय एखादा प्रोग्राम स्वतः 30 वापरतो आणि त्याला लागणारी दुसरी लायब्ररी 111 ओढून आणते. मग एकाच प्रोसेसमध्ये त्याच नावाची फंक्शनं दोनदा येतात आणि प्रोग्राम कोसळू शकतो.

सगळ्यांना लागणारी लिबसी, म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, मात्र या फेऱ्यातून सुटली. 2008 च्या फ्रीबीएसडी 7.0 मध्ये सिंबल व्हर्जनिंग आलं, म्हणजे एकाच फाइलमध्ये फंक्शनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवण्याची सोय झाली. तेव्हापासून 14 पर्यंत तिचा आकडा 7 च राहिला. बाकीच्यांसाठी क्रम तोच: आधी सगळी पॅकेजं नव्याने, मग सर्व्हिस रीस्टार्ट, मग पुसणं. आणि पॅकेजं बसवणाऱ्या 'पीकेजी'लाही शेअर्ड लायब्ररी लागतातच, म्हणून त्याच्यासोबत 'पीकेजी-स्टॅटिक' दिलेलं असतं. सगळा कोड पोटात असल्याने एखादी लायब्ररी गेली तरी ते चालतं.