तोंडी होकार म्हणजे प्रवेश पक्का नव्हे

अमेरिकेत शाळेतला एखादा अमेरिकन फुटबॉल खेळणारा मुलगा टेबलावर मांडलेल्या वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्यांतली एक उचलून डोक्यावर चढवतो आणि लोक समजतात, पोरगं त्या कॉलेजला बांधलं गेलं. पुढे त्याने मन बदललं की 'शब्द मोडला' म्हणत त्याच्यावर तुटून पडतात.

हा समज चुकीचा आहे. तोंडी होकार कुणावरच बंधनकारक नसतो. कॉलेजही तोंडी देऊ केलेली शिष्यवृत्ती मागे घेऊ शकतं, घेतंही. तेव्हा मात्र कुणी ओरडत नाही, आणि हा अन्याय सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर होतो.

बंधन येतं ते सहीने. १९६४ पासून चालत आलेलं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं सहीचं पत्र, २०२४ मध्ये रद्द झालं. आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते.

जॉर्जिया राज्यातल्या शाळेत खेळणाऱ्या ट्रॅव्हिस हंटरचंच बघा. २०२० मध्ये त्याने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला तोंडी होकार कळवला होता. डिसेंबर २०२१ मध्ये, सहीच्या पहिल्याच दिवशी, त्याने सही केली ती मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटसाठी, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या, खालच्या गटात खेळणाऱ्या विद्यापीठासाठी. नियम एकही मोडला नव्हता. पुढे जॅक्सन स्टेटचे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्यापाठोपाठ तो कोलोरॅडो विद्यापीठात गेला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी त्याने २०२४ मध्ये जिंकली.