कंपनीची ऑफर आणि डीलरची सूट: वॅगनआरच्या कोटेशनमधले दोन वेगळे खिसे

वॅगनआरच्या कोटेशनवर 'एकूण फायदा' म्हणून एकच आकडा छापलेला असतो. समजा, ४५,००० रुपये. गिऱ्हाईक त्याच आकड्यावरून घासाघीस सुरू करतं आणि सेल्समन "साहेब, कंपनीकडूनच एवढं आहे" म्हणून हात वर करतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. त्या ४५,००० मधले काही पैसे मारुती सुझुकी देते आणि काही डीलर स्वतःच्या कमाईतून सोडतो. पहिली ती कंपनीची ऑफर, दुसरी डीलरची सूट. ऑफर पुण्यात विचारा नाहीतर साताऱ्यात, साधारण तीच असते. सूट मात्र एकाच रस्त्यावरच्या दोन शोरूममध्ये वेगळी निघते, आणि एकाच शोरूममध्ये १२ तारखेला वेगळी, ३० तारखेला वेगळी.

कंपनीची ऑफर

ही महिन्या-महिन्याला ठरते. तिच्यात रोख सवलत असते, जिला शोरूममध्ये 'कन्झ्युमर ऑफर' म्हणतात. शिवाय जुनी गाडी दिल्यास एक्स्चेंज बोनस किंवा जुनी गाडी भंगारात काढल्यास स्क्रॅपेज बोनस, आणि नोकरीच्या ठिकाणावरून मिळणारी कॉर्पोरेट सवलत. एक्स्चेंज आणि स्क्रॅपेज सहसा दोन्ही एकदम मिळत नाहीत, त्यामुळे दोन्ही धरून काढलेली बेरीज दिसली तर तिथेच थांबवून विचारा.

ही ऑफर व्हेरिएंट, इंधन आणि प्रदेश बघून बदलते, आणि त्यामागे मागणीचं गणित असतं. केरळात ओणमच्या आधी गाड्या उचलल्या जातात, आपल्याकडे गणपती, दसरा, धनत्रयोदशी आणि गुढीपाडव्याला. मधल्या पितृपक्षात महाराष्ट्रातलं डिलिव्हरीचं काम जवळजवळ थंडावतं. सीएनजीचं तर जिल्ह्यागणिक वेगळं आहे. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात पाइपलाइनने गॅस येतो, पंप जवळजवळ आहेत, त्यामुळे सीएनजी वॅगनआरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. नागपुरात २०२२ च्या मार्चमध्ये सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, देशात सगळ्यात महाग. असा भाव असेल तिथे सीएनजी घेण्याचा हिशोबच बसत नाही. म्हणून 'वॅगनआरवर यंदा एवढी सवलत' अशी देशभराची बातमी वाचून शोरूममध्ये जाण्यात अर्थ नसतो. तुमच्या भागात, तुमच्या व्हेरिएंटवर, या महिन्यात किती, एवढंच विचारायचं.

ऑफर लागू होते ती गाडीचं बिल ज्या महिन्यात फाटतं त्या महिन्याची. बुकिंग ऑक्टोबरात केलं आणि बिल नोव्हेंबरात झालं, तर ऑक्टोबरची ऑफर गेली. वेटिंग असलेल्या रंगासाठी अडून बसणाऱ्यांचं इथे नुकसान होतं.

डीलर तुम्हाला हे पैसे आधी वजा करून देतो आणि नंतर कंपनीकडे क्लेम लावतो. क्लेमला कागद लागतात: जुन्या गाडीचं आरसी बुक, तिच्या हस्तांतराचा पुरावा, कॉर्पोरेट सवलतीसाठी तुमच्या नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र. जुनी गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ते नातं योजनेत चालतं का, हे बुकिंगच्या आधी विचारा. नाही चाललं तर क्लेम फेटाळला जातो आणि डीलर ती रक्कम तुमच्याकडे मागतो. डिलिव्हरीच्या दिवशी होणारी बरीच भांडणं याच एका कागदावरून होतात.

एक गोष्ट या दोन्हींपेक्षा निराळी आहे: कराची कपात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस यावरून थेट १८ टक्क्यांवर आला. १०० रुपयांच्या मूळ किमतीवर आधी १२९ होत होते, आता ११८ होतात, म्हणजे एक्स-शोरूम किमतीत (नोंदणीचा कर आणि विमा धरण्याआधीच्या किमतीत) साधारण साडेआठ टक्के उतार. हा उतार छापील किमतीतच धरलेला आहे. तो 'आमच्याकडून खास' म्हणून कोटेशनमध्ये पुन्हा मांडला असेल तर तो आकडा खोडून मग बेरीज करा.

डीलरची सूट

डीलर गाडी कंपनीकडून विकत घेतो, बहुधा बँकेच्या कर्जावर. गाडी यार्डात उभी राहिली की व्याज सुरू. ६ लाखांच्या गाडीवर वर्षाला ९ टक्के व्याज धरलं तर दिवसाला जवळजवळ १४८ रुपये होतात, ६० दिवसांचे ८,९०० च्या आसपास. छोट्या गाडीवरचं मार्जिन मुळातच तुटपुंजं, त्यामुळे दोन महिने पडून राहिलेली गाडी त्यातला मोठा हिस्सा खाऊन टाकते. अशा गाडीवर डीलर १०,००० सोडायला तयार होतो. कालच ट्रेलरमधून उतरलेल्या आणि तीन गिऱ्हाइकं वाट बघत असलेल्या गाडीवर तो का सोडेल?

स्टॉक साचतो कसा, हे कळायला विक्रीचे दोन आकडे वेगळे ओळखता आले पाहिजेत. कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात ती मुख्यतः डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांची संख्या. डीलरांची संघटना 'फाडा' सांगते ती आरटीओत नोंदलेल्या गाड्यांची, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून काढलेली. पहिला आकडा सतत दुसऱ्याच्या पुढे धावला की गाड्या यार्डात साचतात. २०२४ च्या सप्टेंबरचे आकडे देताना फाडाने सांगितलं होतं की देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक आहे, जवळपास ७.९ लाख गाड्या, ७९,००० कोटी रुपयांच्या. संघटनेच्या मते स्टॉक २१ दिवसांचा असावा. असे महिने गिऱ्हाइकाचे. 'वाहन'चा डॅशबोर्ड कोणालाही बघता येतो: राज्य आणि आरटीओ निवडा, उत्पादक आणि महिना लावा. मॉडेलनुसार आकडे मिळत नाहीत, पण तुमच्या आरटीओत त्या कंपनीची नोंदणी दोन-तीन महिने घसरते आहे का, एवढं नक्की दिसतं.

दुसरं कारण टार्गेट. महिन्याचा किंवा तिमाहीचा कोटा पुरा झाला तर डीलरला कंपनीकडून जादा पैसे मिळतात. कोटा ५० चा आणि ४८ गाड्या गेल्या असतील, तर शेवटच्या दोन गाड्या तोट्यात विकूनही तो फायद्यात राहतो. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत सूट वाढते ती म्हणून. आणि कोटा २५ तारखेलाच पुरा झाला असेल तर शेवटच्या दिवशी जाऊनही काही हाती लागत नाही.

आयोगापर्यंत गेलेला फरक

ऑफर आणि सूट यांच्यातली ही रेघ किती महत्त्वाची आहे, हे आपल्याच भागातल्या एका प्रकरणाने दाखवलं. २०१७ च्या नोव्हेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. लिहिणारा स्वतःला मारुतीचा डीलर म्हणवत होता. तक्रार 'वेस्ट-२' विभागाची होती, म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. जाहीर कन्झ्युमर ऑफरच्या वर डीलरने सूट दिली की त्याला दंड होतो, असं त्यात म्हटलं होतं. आयोगाने स्वतःहून चौकशी लावली आणि २३ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला.

पद्धत कशी होती, ते आदेशात सविस्तर आहे. नेमलेल्या एजन्सीची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची आणि जादा सूट मिळते का बघायची. मिळाली की अहवाल कंपनीकडे, कंपनीकडून डीलरला खुलासा मागणारा ईमेल, आणि खुलासा पटला नाही तर दंड. तो डीलरशिपवरच थांबत नव्हता, सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांच्यापर्यंत जायचा. जादा सूट द्यायचीच तर आधी कंपनीची परवानगी. आयोगाच्या मते यामुळे डीलरांमधली किमतीची स्पर्धा संपली आणि गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागले. कंपनीने आदेशाविरुद्ध अपील केलं. आमच्या मते गिऱ्हाइकाच्या दृष्टीने यातला मुद्दा सरळ आहे: डीलरने स्वतःच्या कमाईतून काय सोडायचं, हा त्याचा हक्क आहे आणि ते मागणं तुमचा.

कोटेशन कसं फोडायचं

लेखी कोटेशन घ्या आणि एकूण फायद्याऐवजी वेगवेगळ्या ओळी मागा: एक्स-शोरूम किंमत, कन्झ्युमर ऑफर, एक्स्चेंज, कॉर्पोरेट, आणि 'डीलरकडून'. त्याच व्हेरिएंटचं कोटेशन त्याच आठवड्यात दुसऱ्या डीलरकडून घ्या. पहिल्या चार ओळी दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. एका ठिकाणी कन्झ्युमर ऑफर कमी दिसली, तर कंपनीचे पैसे मधेच अडकलेत असं समजा आणि दुसरा कागद समोर ठेवा. घासाघीस फक्त शेवटच्या ओळीवर करा.

राज्याराज्यांतला फरक या ओळींत मिसळू देऊ नका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर आहे. गुजरातेत खासगी गाडीवर ६ टक्के. वलसाडचं ऑन-रोड (कर आणि विमा धरून) कोटेशन पालघरपेक्षा स्वस्त दिसतं ते या करामुळे, आणि गाडी कायम महाराष्ट्रात ठेवायची असेल तर इथला कर भरावाच लागतो.

मग विमा. डीलरची सूट बऱ्याचदा इथेच परत वसूल होते. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारी आहे: जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत १०,६४०, वर जीएसटी. वॅगनआरचं लहान इंजिन ९९८ सीसीचं, मोठं ११९७ चं. एवढा भाग कुठेही बदलत नाही. बदलतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि झिरो डेपसारखी (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारी) जोड. बाहेरून तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच जोड धरून दर काढा. आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असावी. बाहेरचा विमा ९,००० ने स्वस्त निघाला आणि डीलर म्हणाला "विमा आमच्याकडूनच, तरच १०,००० ची सूट", तर खरी सूट १,००० ची आहे. विमा त्याच्याकडूनच घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशा नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा, अशा आकारणीला कायद्याचा आधार नाही. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅपचं किट ऐच्छिक असतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचंही तेच: मारुतीची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे, पुढचं घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

सूट खूपच घसघशीत असेल तर गाडी कधी बनली ते बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, आणि तेच पुढे आरसीवर उतरतं. मागच्या वर्षाची गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. म्हणून चेसिस नंबर बुकिंगच्याच वेळी मागून घ्या, बाकीचे पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन त्याच नंबरची गाडी बघा, बॅटरी आणि टायर तपासा, आणि ठरलेली डीलरची सूट बुकिंगच्या पावतीवर वेगळ्या ओळीत लिहून, शिक्का मारून घ्या.