फाइल आधीपासून होती, हे सिद्ध कसं करायचं?

संगणकाचं घड्याळ मागे घेऊन फाइल सेव्ह केली की तिच्यावर जुनी तारीख पडते. त्यामुळे ‘हा मजकूर अमुक दिवशी होता’ हे पटवून द्यायचं, तर फाइलवरची तारीख कुचकामी ठरते.

हा पेच संगणकाहून खूप जुना आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली स्प्रिंगविषयीचा आपला नियम उघड न सांगता, तो मांडणाऱ्या लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णक्रमाने लावून छापली आणि १६७८ मध्ये त्यांची उकल केली. शोध झाकून ठेवूनही त्यावरचा हक्क शाबूत राहिला. आज हे काम हॅश करतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक संख्या. फाइल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत तिच्यापासून २५६ बिटांची एक संख्या काढते. एक स्वल्पविराम हलला तरी ती संख्या पार बदलते.

बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन कंपनीतल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१च्या निबंधात अशा हॅशवर वेळेचा शिक्का मारण्याची पद्धत मांडली. पण शिक्का मारणाराच फितूर झाला तर? त्यावरचा त्यांचा तोडगा हा मला या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो: प्रत्येक नव्या शिक्क्यात आधीच्या शिक्क्याचा हॅश गुंफायचा. मग मागाहून मधेच एक नोंद घुसवायची, तर तिच्यापुढची सगळी साखळी बदलावी लागते. त्यांच्या श्युअरिटी कंपनीने १९९५पासून दर आठवड्याला असा एक हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. घरोघरी आणि ग्रंथालयांत पोचलेले अंक गोळा करून बदलणार कोण? बिटकॉइनच्या २००८च्या मूळ निबंधात या दोघांच्या कामाचा संदर्भ आहे, तो याच विचारामुळे.

व्यवहारात मात्र साधी वाट रुळली. ऑगस्ट २००१च्या आरएफसी ३१६१ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे आपण फक्त हॅश पाठवतो. टाइमस्टँप देणारी संस्था त्याला वेळ आणि अनुक्रमांक जोडते, डिजिटल सही करते आणि परत देते. मूळ फाइल तिला दिसतच नाही. ती फाइल कोणी लिहिली, त्यातलं खरं किती, याबद्दल शिक्का काहीच सांगत नाही. त्या वेळी ती होती, एवढंच.

शिक्काही कायमचा टिकत नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीने हॅश एकच येईल अशा दोन वेगळ्या पीडीएफ फाइली बनवून दाखवल्या. म्हणून वर्षानुवर्षं जपायच्या दस्तऐवजांवर, जुनी पद्धत मोडीत निघण्याआधीच, फाइल आणि जुना शिक्का एकत्र घेऊन नव्या पद्धतीने पुन्हा शिक्का मारून घ्यावा लागतो.