यरुशलेमच्या तटावरची शांतता

समोर प्रचंड शत्रू उभा असताना देवाच्या विजयावर भरवसा कसा ठेवावा, हे सांगताना बायबलमधली यहूदाच्या हिज्कीया राजाची गोष्ट हमखास निघते. एका रात्रीत अश्शूरी साम्राज्याच्या छावणीतले १,८५,००० लोक मेले, हा तिचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचा भाग मात्र घाईघाईत उरकला जातो. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

यहूदा हे डोंगराळ, लहानसं राज्य, यरुशलेम त्याची राजधानी. उत्तरेचं इस्राएलचं राज्य अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास बुडवलं होतं, तिथले लोक उचलून दूर नेले होते. इ.स.पू. ७०५ मध्ये अश्शूरचा राजा सर्गोन रणात पडला, तशी ठिकठिकाणी बंडं झाली. हिज्कीयानेही खंडणी थांबवली. सर्गोनचा मुलगा सन्हेरीब गप्प बसणार नाही, हे उघड होतं.

हिज्कीया नुसता प्रार्थना करत बसला नाही. गिहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला त्याने खडकातून सुमारे ५३३ मीटरचा बोगदा खोदवला. कामगारांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत आल्या. १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सापडलेल्या लेखात शेवटचा क्षण टिपला आहे: मध्ये तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं. तटासाठी घरं पाडली गेली. त्या काळची सुमारे सात मीटर रुंदीची भिंत जुन्या यरुशलेममध्ये उत्खननात सापडली आहे. यशया संदेष्टा या असल्या तयारीवर खूश नव्हता. तुम्ही घरं मोजली, पाणी साठवलं, पण हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाही, असं तो सुनावतो. मिसरच्या (इजिप्तच्या) घोड्यांवर विसंबणाऱ्यांवर तर तो सरळ तुटून पडतो.

इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब आला. त्याच्या स्वतःच्या लेखानुसार यहूदाची ४६ तटबंदीची नगरं पडली. त्यातलं लाखीश पडल्याचा देखावा त्याने आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात दगडी फलकांवर कोरून घेतला. ते फलक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला भिडवलेला चढ, त्यावरून वर सरकणारी यंत्रं, सुळावर चढवलेली माणसं आणि सामान लादलेल्या बैलगाड्यांवर बसून गाव सोडणाऱ्या बायका-मुलं त्यांत दिसतात. यरुशलेममध्ये बसलेल्यांना आपलं काय होणार, याची कल्पना करायची गरजच नव्हती.

मग हिज्कीया वाकला. ‘माझं चुकलं’ असा निरोप त्याने लाखीशला सन्हेरीबकडे धाडला आणि खंडणी भरण्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून दिलं. बायबल हे लपवत नाही. तरीही सैन्य आलंच.

वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर अश्शूरचा अधिकारी रब्शाके उभा राहिला. तुम्हाला दोन हजार घोडे देतो, त्यांच्यावर बसायला स्वार तरी आहेत का, असा टोमणा त्याने मारला. राजाची माणसं म्हणाली, अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते. ते शब्द तटावरच्या लोकांच्या कानी पडू नयेत, ही त्यांची धडपड. रब्शाकेने मुद्दामच आवाज चढवला आणि यहूदी लोकांच्याच भाषेत ओरडला: कुठल्या देशाच्या देवाने आमच्या हातून आपला देश सोडवला? तटावरून कोणी चकार शब्द काढला नाही, कारण राजाची तशी आज्ञा होती.

पुढे धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन देवापुढे पसरलं. त्या प्रार्थनेतलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरं आहे, असं तो कबूल करतो. शत्रू किरकोळ आहे, अशी स्वतःची समजूत तो घालत नाही.

शहर वाचलं. सन्हेरीबच्या सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची फुशारकी आहे, खंडणीची यादी आहे. यरुशलेम घेतल्याचा दावा नाही. इ.स.पू. ६८१ मध्ये सन्हेरीबचा घरच्यांच्याच, पोटच्या मुलांच्या हातून खून झाला.

या सुटकेचा परिणाम मात्र विचित्र झाला. शंभरेक वर्षांनी ‘परमेश्वराचं मंदिर इथे आहे, शहराला काही होणार नाही’ अशी लोकांची खात्रीच झाली होती. यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या अंगणात ती खोडून काढली, तेव्हा त्याला ठार मारायची मागणी झाली. काही वडीलधारे उठले आणि म्हणाले, हे शहर नांगरलं जाईल असं मीखा संदेष्ट्याने हिज्कीयालाही सांगितलं होतं. त्याने मीखाला मारलं का? तो तर देवापुढे नमला. यिर्मया त्या दिवशी वाचला. यरुशलेम इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हाती पडलं आणि मंदिर जळालं.