पेशवाईतलं पत्र टिकतं, आजोबांचं का मोडतं?

पुण्याच्या पेशवे दप्तरातला एखादा मोडी रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडून पाहिला, तर अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद अजूनही हाताला लवचिक लागतो आणि शाई काळीभोर दिसते. उलट 1940च्या आसपासचं वर्तमानपत्राचं कात्रण घडीवर बोट टेकताच तुटतं. विद्यापीठांच्या छोट्या अभिलेखागारांत जुन्या प्राध्यापकांची पत्रं, टिपणवह्या, घरचे अल्बम खोक्यांतून येतात. तिथली खरी झुंज असते ती या अलीकडच्या कागदाशी.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. जुन्या हातकागदात (जुन्नरी कागद त्यात नावाजलेला) त्या चिंध्यांतून किंवा तागासारख्या तंतूंतून यायच्या. लगदा करताना चुना वापरत, वरून खळ देऊन कागद घोटत. शाई काजळ आणि डिंकाची. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, तो कशाशी फारसा भांडत नाही. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटीच्या जातीचं क्षार घालू लागले. दमट हवेत या क्षारापासून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या मधूनच तोडतं. तुटताना आणखी आम्ल निर्माण होतं, म्हणजे झीज आपली आपणच वेग घेते. लाकडातलं लिग्निन उजेडाने पिवळं-तपकिरी पडतं ते वेगळंच. म्हणून कात्रण चांगल्या पत्राला टेकवून कधी ठेवू नये. त्याचं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं आणि पत्रावर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो.

अल्बमची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कृष्णधवल फोटोत चित्र उमटतं ते चांदीच्या सूक्ष्म कणांनी, जिलेटिनच्या पातळ थरात. फोटो तिरपा धरून पाहा: गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक दिसेल. दमट हवेतले आणि लाकडी कपाटातून किंवा रंगातून सुटणारे वायू चांदीचं ऑक्सिडीकरण करतात. सुटलेले आयन पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथे पुन्हा धातूची चांदी होऊन बसतात. फोटो पिवळट-तपकिरी होऊन फिकटला असेल, तर बहुधा स्टुडिओत ‘हायपो’ (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेलेला नसतो. त्यातलं गंधक चांदीचं सल्फाइड करतं. स्टुडिओने अर्धा तास वाचवला, त्याचा परिणाम पन्नास वर्षांनी दिसतो.

1970च्या दशकातले रंगीत फोटो लालसर का झाले, हा प्रश्न घरोघरी असतो. या फोटोंत चांदी उरतच नाही. मोरपिशी, किरमिजी आणि पिवळा अशी तीन रंगद्रव्यं असतात. त्या काळच्या कागदांवरचं मोरपिशी द्रव्य अंधारातही विघटित होत जायचं, म्हणून बंद अल्बममध्येसुद्धा लाली चढली. इथे एकच उपाय चालतो, तो म्हणजे गारवा. तापमान 10 अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो.

पुण्याची हवा कागदाला सोपी नाही. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 25-30 टक्क्यांवर उतरते, श्रावणात 80च्या वर जाते. जिलेटिन फुगतं, आकसतं. मागचा कागद त्याच्या बरोबरीने हलत नाही, मग फोटो वळतो, थराला तडे जातात. 65 टक्क्यांच्या वर बुरशीला रान मोकळं. कसर तर खळ आणि जिलेटिनवरच जगते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या किती घरांतले अल्बम भिजले असतील! भिजलेले फोटो एकावर एक वाळले तर जिलेटिन डिंकासारखं चिकटतं आणि मग ते सुटत नाहीत. ओले असतानाच थंड स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद वेगळे करायचे. तेवढा वेळ नसेल तर फ्रीझरमध्ये टाकायचे.

माझ्या मते अशा ठेव्यांचं सर्वांत मोठं नुकसान प्रेमापोटी होतं. फाटलेल्या पत्राला सेलोटेप, जीर्ण दाखल्याला लॅमिनेशन, फोटोंसाठी चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला अल्बम. सेलोटेपचा चिकट थर कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशन परत निघत नाही. चिकट पानांचा गोंद फोटोला कायमचा धरतो. यापेक्षा काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे जुने अल्बम कितीतरी बरे. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन उमटतं.

अभिलेखागाराला कागद द्यायचे असतील, तर आधी नीटनेटके लावायला बसू नका. प्राध्यापकांनी एका पाकिटात एकत्र ठेवलेलं पत्र, बसचं तिकीट आणि फोटो यांचा आपसातला संबंध त्या एकत्र असण्यातच असतो. विषयवार गठ्ठे केले की तो कायमचा तुटतो. चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, सगळं जसंच्या तसं द्या. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून आतल्या तारीख नसलेल्या पत्राचा दिवस ठरतो.