सुट्टी दुकानाची की माणसाची?

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. कारखान्यातली साप्ताहिक सुट्टी १८९१च्या कायद्याने आली. पुढे आठवड्याचे कामाचे तास १९२२ला ६०, १९३४ला ५४ आणि १९४६ला ४८ झाले. हे टप्पे कामगार चळवळीच्या इतिहासात नीट नोंदलेले आहेत. सुटलेल्या तासांचं लोकांनी काय केलं, हे फारसं कुणी लिहिलं नाही. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिथं सिद्धेश्वराचं दर्शन, पाळणे आणि खरेदी एकाच फेरीत उरकते. त्यामुळे सुट्टीत आधी निव्वळ विसावा होता नि बाजार नंतर घुसला असं जे म्हटलं जातं, ते इथं तरी पटत नाही.

खरा वाद दुकानांच्या बंद दिवसाचा. १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावं लागे; मालक आणि नोकर एकाच दिवशी मोकळे. २०१७च्या राज्याच्या कायद्याने दुकानाची सुट्टी काढली, नोकराची ठेवली. दुकान वर्षभर उघडं, आणि नोकराला सलग २४ तासांची सुट्टी पाळीपाळीने. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: गिऱ्हाईकाला सवड रविवारी, तेव्हाच शटर का ओढायचं? मोठ्या दुकानांत कागदावर कुणाचं काही गेलं नाही, हेही खरं. पण बुधवारी घरी बसलेल्या सेल्समनची मुलं शाळेत असतात. शिवाय दहापेक्षा कमी (२०२५च्या बदलानंतर वीसपेक्षा कमी) कामगार असतील तर मालकाने फक्त आस्थापनेची माहिती कळवायची. सुट्टीची कलमं तिथं पोचतच नाहीत. दोन-तीन पोरांवर चालणाऱ्या कापडदुकानाला २०१७च्या कायद्यातून फक्त उघडं राहण्याची मुभा मिळाली. चर्चेत हा भाग नेहमी मागे पडतो.

विडी वळणाऱ्या बायकांना तर हा वादच परका. मजुरी हजार विड्यांवर, काम घरात. हात थांबला की पैसे थांबले.

उलट हुरडा बघा. ओळखीच्या शेतात आगटी (कणसं भाजायचा विस्तव) पेटायची, कणसं चोळून गरम हुरडा शेंगाचटणीशी खायचा, पैशाचा विषय नसे. आता थंडीत माणशी दर ठरलेला असतो, बैलगाडीची चक्कर आणि जेवण त्यातच, आणि शनिवार-रविवारसाठी आधी बुकिंग करावं लागतं. शेतकऱ्याला ज्वारीच्या भावापेक्षा यात चार पैसे जास्त सुटतात, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आगटीपाशी बसून कणसं भाजणाऱ्या मजुरांचा मात्र रविवार कामाचाच असतो, आणि त्यांच्या सुट्टीचं कलम अजून कुणी मागितलेलं नाही.